बरणीची हजेरी

१

बरणीची मेल आली त्या शनिवारी सकाळी मी शिकाऊ गाडीत बसले होते. मी गाडी चालवायला शिकवते. शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो आणि माझा देवापेक्षा त्या ब्रेकवर जास्त विश्वास आहे. मेल वाचली आणि तोच ब्रेक पायाखालून काढून घेतल्यासारखं वाटलं.

मेल साधी होती. 'मी बरणी. हिवाळ्याच्या आधीच मी बाकडं सोडलं, तेही कुणाला न सांगता. ते मनाला लागून राहिलंय. आता मी बरी आहे, डॉक्टरांनी गोळ्याही कमी केल्यात. घरातलंही जरा सैल झालंय, दुपारची झोप मिळते. तुम्ही सगळ्या नसतात तर मी आज नसते. आभार मानायचे राहिले होते, म्हणून लिहिलं.' खाली फोन नंबर होता.

वाचून कुणालाही बरं वाटावं असंच सगळं. अडचण एवढीच होती, की थोड्याच वेळापूर्वी बरणीने बाकड्यावर हजेरी लावली होती. काल लावली होती. अख्खा हिवाळा लावली होती.

बाकडं म्हणजे आमचा ऑनलाइन ग्रुप; त्याच्या पत्त्यावर येणाऱ्या मेल मी बघते. ज्यांना रात्र खायला उठते, ज्यांना कारण नसताना रडू येतं, ज्यांना घरी 'तुला काय कमी आहे' असं विचारलं जातं, अशा बायका तिथे येऊन टेकतात. खरी नावं कुणी सांगत नाही. दाखल होताना समोर जी वस्तू दिसेल तिचंच नाव. मी दाखल झाले तेव्हा दारात उभी होते, म्हणून माझं नाव पायपुसणं. मानसन्मान नशिबात असावा लागतो.

आमच्या दोन रीती आहेत. रोज सकाळी प्रत्येकीने 'आहे' एवढंच लिहायचं. आणि मनातलं काहीही लिहिण्याआधी आत्ता डोळ्यांपुढे काय आहे ते एका ओळीत लिहायचं: 'समोर: अमुक'. भीती वाटत असताना एखादी वस्तू नीट बघितली की पाय जमिनीला लागतात. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि बाकडं म्हणजे डॉक्टर नव्हे हेही आम्ही दर आठवड्याला बजावतो. शिवाय येणाऱ्या प्रत्येकीला आम्ही एक शब्द दिलेला आहे. परकं माणूस आत शिरलेलं कळलं, तर त्याच दिवशी बाकडं मोडायचं.

म्हणजे आजच मोडायचं होतं. आणि गेले कित्येक महिने दुसऱ्या कुणालाही न सांगितलेली गोष्ट मी एकट्या बरणीला सांगत आले होते. गाडी शिकवणाऱ्या बाईला मोठ्या चौकात घाम फुटतो, हातपाय गार पडतात, ही ती गोष्ट. माझ्या मालकाच्या कानावर गेली तर दुसऱ्या दिवशी मी घरी. ती मी नक्की कुणाला सांगितली होती?

२

मी शिकणाऱ्या मुलीला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं, तिला परत सोडलं आणि थेट किल्लीचं दुकान गाठलं.

किल्लीने बाकडं सुरू केलं. तिचं चष्म्यांचं दुकान आहे. पुढे काचेची कपाटं, मागे पडदा लावून काळोखी केलेली तपासणीची खोली. दिवसभर लोकांना 'आता बरं दिसतंय, की आता?' असं विचारण्यात तिचं आयुष्य चाललंय, त्यामुळे घाई हा प्रकार तिच्या रक्तातच नाही. मी तावातावाने सगळं सांगितलं. तिने ऐकलं, एका चष्म्याची दांडी आवळून संपवली, मग मेल वाचली.

मी म्हटलं, नवराच असणार. बायकोचं खातं उघडून बसलाय आणि शेकडो बायकांची दुखणी फुकटात वाचतोय. आजच बंद करू या.

किल्लीने विचारलं, या बरणीने हिवाळाभर काय केलं ते आठवतंय का. आठवत होतं, तोच तर राग होता. जुनी बरणी बाळंतपणानंतर खचलेली, स्वतःपुरतं लिहिणारी, गोड मुलगी होती. हिवाळ्यातली बरणी सगळ्यांची झाली. सकाळी कोण आलं नाही ते तिच्या आधी कुणाच्याच लक्षात येत नसे. 'कंगवा आज दिसल्या नाहीत. कुणी चौकशी केली का?' कंगव्याने एकदा हजेरी लावली नाही तेव्हा आम्ही म्हणालो, झोपली असेल. बरणी मात्र हटून बसली आणि किल्लीला कंगव्याच्या बहिणीला फोन करायला लावला; अडीनडीचे नंबर फक्त किल्लीकडे असतात. बहीण वेळेवर पोचली. कंगवा आज आहे ती त्या हट्टामुळे आहे.

स्वतःबद्दल ती क्वचित लिहायची. सकाळी आवरून होतं, पण पलंगावरून उठवत नाही, कुणी हाक मारेपर्यंत बसून राहते. घरात बोलायला जावं तर आवाज हुकूम सोडल्यासारखाच निघतो. आणि एकदा हे: 'एका जवळच्या माणसाला मी फार दुखावलं. तिने ते मला सांगितलं नाही, दुसरीकडे जाऊन सांगितलं. तिचं बरोबरच होतं.' आम्हाला वाटलं होतं, एखाद्या मैत्रिणीबद्दल असेल.

"हे सोंग वाटतं तुला?" किल्ली म्हणाली. "माणूस खोटं असेल. दुखणं खोटं नाही."

मग तिने बरणीच्या 'समोर'च्या ओळी काढल्या. आधी जुन्या. 'समोर: उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण.' 'समोर: बाळाच्या नखावरचा पांढरा ठिपका.' 'समोर: माझ्या मनगटावरचा भाजल्याचा डाग, तांदळाएवढा.' मग हिवाळ्यातल्या. 'समोर: पलीकडच्या गच्चीवर टाकी, तिच्यावर दोन कबुतरं, एकाच्या पायात दोऱ्याचा तुकडा.' 'समोर: रस्त्यापल्याडच्या दुकानाचं अर्धं वर गेलेलं शटर.' 'समोर: बाळ झोपलंय. हातात पेला. त्यावर कसलंसं चित्र आहे.' हिवाळ्यातल्या सगळ्या ओळी दुपारच्या होत्या.

मला काही दिसलं नाही. किल्ली मात्र शेवटच्या ओळीवर अडून बसली आणि हळूच हसली.

"मला उद्यापर्यंत वेळ दे," ती म्हणाली. "आणि खऱ्या बरणीला फोन लाव. म्हणावं, घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासून देते."

३

खरी बरणी त्याच दुपारी एकटी आली. घरांचे नकाशे काढते, घरूनच काम करते. कोणतीही वस्तू पुढे आली की ती जवळ घेऊन बारकाईने बघायची, अगदी चहाचा कपसुद्धा. बाही वर सरकली तेव्हा मला मनगटावरचा तांदळाएवढा डाग दिसला. हिवाळ्याआधी जिच्यासोबत इतकी रडले ती आज पहिल्यांदा समोर बसली होती, आणि छान दिसत होती.

कुणीतरी तिच्या नावाने लिहितंय हे ऐकून तिचा चेहरा उतरला. तिला आधी आठवलं ते तिने स्वतः लिहिलेलं. सासूबद्दल तिने मन मोकळं केलं होतं. सासूबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बाळंतपणानंतर ही दिवस-दिवस रडायची तेव्हा त्यांचं म्हणणं, ही सगळी थेरं आहेत, उठून कामाला लाग. बाकड्यावर चिमट्याने त्यांचं नाव हेडमास्तरीण ठेवलं आणि ते इतकं चाललं, की महिनाभर आमचं रडणं त्या नावाच्या चेष्टेवर थांबायचं. ते सगळं तिथे जसंच्या तसं होतं. घरातल्या कुणी वाचलं असेल तर?

किल्लीने तिला शांत केलं आणि नीट विचारलं. फोनवरून तिने बाकडं काढून टाकलं होतं. पण घरात एक जुना टॅब होता, बाळाला गाणी लावायचा. त्यावर खातं उघडंच राहिलं होतं हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

टॅबला हात कोण लावतं? नवरा लावतो, संध्याकाळी. बाळाला सांभाळणारी मुलगी दिवसभर असते. नणंद रविवारी येते आणि तिला दुसऱ्याच्या फोनात डोकावायची खोड आहे. सासूबाईंचं काय, असं मी विचारलं.

"त्या?" बरणी कसनुसं हसली. "ताई, त्या वर्तमानपत्रसुद्धा वाचत नाहीत हल्ली. आणि वाचलं असतं तर घरात राहू दिलं असतं का मला?"

दुपारी ती झोपते तेव्हा बाळ कुणाकडे असतं, हेही किल्लीने विचारलं. सांभाळणारीकडेच, बरणी म्हणाली. दुसरं कोण घेणार?

ती गेल्यावर मी किल्लीला म्हटलं, मग सांभाळणारीच. दुपार तिची, टॅब तिच्या हातात. किल्ली म्हणाली, उद्या तिलाही खुर्चीत बसवू.

४

रविवारी अख्खं घर दुकानात आलं. बरणीने डोळे तपासण्याखेरीज काही सांगितलं नव्हतं. मी मदतनीस म्हणून पांढरा डगला घालून आत उभी राहिले. नंबर काढायच्या खुर्चीत माणूस बसलं, की काळोखात, हनुवटी टेकवून, ते अगदी आज्ञाधारक होतं आणि विचाराल त्याचं उत्तर देतं. किल्लीचा हा पोलीस ठाण्यापेक्षा बरा बंदोबस्त आहे.

नवरा पहिला. जाड काचा, चष्मा काढला की भिंतसुद्धा दिसत नाही. बोलता बोलता किल्लीने घरी टॅब वापरता का, असं विचारलं. त्याने हात लावला की बाळ भोकाड पसरतं, म्हणून तो लांबच राहतो. दुपारी तो कचेरीत, तिथे फोन बाहेर ठेवावा लागतो. मग आपणहून म्हणाला, बायको मध्यंतरी फार आजारी होती. कुठल्या तरी बायकांनी तिला वाचवलं, त्या कोण हे त्याने कधी विचारलं नाही, पण भेटल्या तर पाया पडेन म्हणाला. मी डगल्याच्या खिशात हात घालून भिंतीकडे बघत राहिले. काल याला मी काय काय म्हटलं होतं.

नणंद तिशीची, चुरचुरीत. तिने तपासणीच्या खोलीतलं प्रत्येक यंत्र काय किमतीचं ते विचारून घेतलं. डोकावायची खोड खरी होती, पण ती येणार रविवारी, आणि बरणीची हजेरी रोजची. तीही गळली.

मग सांभाळणारी मुलगी आली. नजर लखलखीत. तरी जवळची अक्षरं वाचतानाही ती अडखळायला लागली, भीतीने. मी किल्लीला डोळ्यांनी खुणावलं. सापडली.

किल्लीने दिवा लावला आणि विचारलं, दुपारी बाळ झोपल्यावर काय करतेस. मुलीचा धीर सुटला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, वहिनींना सांगू नका, काम जाईल माझं.

"दुपारची मी नसतेच तिथे," ती म्हणाली. "शिवणाच्या क्लासला जाते. मला आजींनीच पाठवलं. म्हणाल्या, तू शीक, बाळाचं मी बघते. आणि सुनेला झोपू दे, तिला यातलं काही बोलू नकोस."

मी किल्लीकडे बघितलं. किल्ली पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होती.

५

बाहेर हेडमास्तरीण बाळाला मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. पांढरे केस, इस्त्रीचे कपडे. शाळेची घंटा अजून त्यांच्याच हातात असावी असा चेहरा. बाळाने कपाटातली एक फ्रेम ओढली होती आणि त्या तिच्यावरची किमतीची चिठ्ठी वाचत होत्या. वाचायला त्यांनी हात पूर्ण लांब केला होता, तरी मान मागेच जात होती.

किल्ली माझ्या कानाशी बोलली. "चाळिशी उलटली की जवळचं पुसट होतं. लांबचं तसंच राहतं. कबुतराच्या पायातला दोरा दिसतो, पण हातातल्या पेल्यावरचं चित्र कळत नाही. हे काल त्या ओळीतच होतं. घरात या वयाचं एकच माणूस आहे."

मी म्हटलं, मग टॅबवर वाचतात कशा? टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ती म्हणाली. मनगटावरचा डाग मोठा करता येत नाही.

तिने त्यांना आत बोलावलं आणि बाळ बरणीकडे दिलं. बाईंनी पर्समधून जुना चष्मा काढला. काचांवर ओरखडे होते, नंबर कधीचाच बदललेला. एवढी वर्षं नवा का नाही केला, असं किल्लीने विचारलं. त्या म्हणाल्या, निवृत्त झाले, हे गेले, आता वाचायचंय काय मला. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की पलंगावर बसून काढलेली ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढे आली.

किल्लीने दिवा मालवला. भिंतीवरची अक्षरं उजळली. नेहमीचा प्रश्न मात्र तिने विचारला नाही.

"समोर?" ती म्हणाली.

एवढा एकच शब्द. हेडमास्तरणींनी अक्षरं वाचली नाहीत. हनुवटी टेकलेलीच होती. आवाज आला, आणि त्यात हुकूम अजिबात नव्हता.

"समोर एक बाई. तिने मला पकडलंय."

मग त्यांनी सांगितलं. बाळाला गाणं लावायला टॅब उघडला आणि सुनेचं सगळं लिखाण पुढे आलं. वाचू नये हे कळत होतं, वाचलं. स्वतःबद्दलचं एकूण एक वाचलं, ती चेष्टासुद्धा. पहिल्या दिवशी संताप आला, दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही. मग शोधून शोधून कुठेतरी चूक काढावी म्हणून पुन्हा वाचलं, आणि सुनेने खोटं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

"मग बंद का नाही केलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "आमचं सगळं वाचलंत. माझं चौकातलंसुद्धा."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुम्ही पायपुसणं," त्या म्हणाल्या. "कालच्या चौकातून गेलात का नीट?"

मी अंगातला पांढरा डगला काढून ठेवला.

"बंदच करणार होते," त्या म्हणाल्या. "पण सकाळी ती कंगवा सारखी विचारत होती, बरणी कुठेय, बरणी कुठेय. मी आयुष्यभर हजेरी घेतली. पुकारलेल्या नावाला कुणीच ओ देत नाही, हे मला बघवत नाही. म्हणून एकदा लिहिलं, आहे. दुसऱ्याची हजेरी लावली म्हणून मी पोरांना वर्गाबाहेर उभं केलंय. आणि या वयात मी तेच केलं." त्यांनी जुना चष्मा पर्समध्ये ठेवला. "नंतर कळलं, की ते खरंच होतं. मी होते तिथे. घरात कुठेच नव्हते, तिथे होते."

कुणाला यातलं काही सांगितलं का, असं किल्लीने विचारलं. शाळेतल्या मुली चाळीस वर्षं माझ्याकडे येऊन रडल्या, त्या म्हणाल्या, एकीचंही नाव आजवर घराबाहेर गेलेलं नाही. सुनेचं दुपारचं झोपणं मात्र त्यांनी वाचून ठरवलं होतं. समोर जाऊन चुकले म्हणायला जीभ वळत नव्हती, निदान तिला झोपू तरी द्यावं.

मी तिथे त्यांचा निवाडा करायला उभी होते. मला वाटलं, स्वतःवरची एवढी चेष्टा वाचून, त्याच बायकांपैकी एकीसाठी हट्टाने बहिणीला धाडणारी ही बाई माझ्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

"पण शब्द दिलेला आहे," किल्ली शांतपणे म्हणाली. "परकं माणूस शिरलं तर बाकडं मोडायचं. तुम्ही परक्या की आमच्या, हे मी एकटी ठरवू शकत नाही. ते तुम्हालाच विचारावं लागेल. सगळ्यांना, आणि त्याआधी बाहेर बसलीये तिला."

हेडमास्तरीण उठल्या. पडद्याशी जाऊन थबकल्या. शाळेच्या दारात पहिल्या दिवशी पोरं थबकतात तशा. मग पडदा सारून बाहेर गेल्या.

६

सासू-सुनेचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. किल्लीने बाकीच्यांना चहाला बाहेर काढलं आणि आम्ही फुटपाथवर उभ्या राहिलो. काचेतून एवढंच दिसलं, की बरणी आधी फार रागावून बोलली, बराच वेळ. हेडमास्तरीण मान खाली घालून ऐकत होत्या, मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मग बाळाने दोघींच्या मधली फ्रेम खाली पाडली आणि ती उचलायला दोघी एकदम वाकल्या.

संध्याकाळी बरणीच्या खात्यावरून शेवटचं लिखाण आलं. हेडमास्तरणींनी स्वतःच लिहिलं होतं, सगळं, काही न लपवता. शेवटी होतं: 'सून म्हणाली, लिहा. तुमच्यापैकी एकीलाही मी परकी वाटत असेन तर मी निघते. माझ्यामुळे बाकडं मोडू नका.'

कुणी काही लिहीना. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते. चिमट्याचं नाव पडद्यावर येत होतं, जात होतं, ती लिहून खोडत असावी. हेडमास्तरीण हे नाव तिनेच ठेवलेलं. मला वाटलं, संपलं.

आणि कंगव्याने लिहिलं: 'आहे.'

मग चिमटा: 'आहे. आणि माफ करा, बाई.' मग उशी, पेनस्टँड, सांडशी. संध्याकाळची वेळ, हजेरीची नव्हेच, तरी एकेक जण येत राहिली. जुन्या, कधीच्या न बोललेल्या, मला ठाऊकही नसलेल्या. मीही लिहिलं. शेवटी कधीच्या गेलेल्या खऱ्या बरणीने फोनवर पुन्हा बाकडं उतरवून घेतलं आणि लिहिलं, 'आहे.' त्या संध्याकाळी माझ्या भाजीचा कोळसा झाला.

किल्लीने हेडमास्तरणींना एका ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर दिला. पहिल्या भेटीला सून सोबत गेली. तिने ते तीनच शब्दांत आम्हाला कळवलं, 'मी घेऊन गेले.' सांभाळणारी मुलगी आता शिवणाला उजळ माथ्याने जाते. मी माझ्या मालकाला चौकाचं स्वतःहून सांगितलं. त्याने थोडा विचार केला आणि मला काही दिवस गल्लीबोळातले शिकाऊ दिले. एवढ्यासाठी मी वर्षभर घाबरत होते.

नवा चष्मा तयार झाला त्या सकाळी बाकड्यावर एक नवीन बाई दाखल झाली. रीतीप्रमाणे नाव समोरच्या वस्तूचं: डबी. हजेरी सुरू होती. बरणीने 'आहे' लिहिलं, पाठोपाठ डबीने लिहिलं. मग तिची पहिली ओळ आली.

'समोर: सुनेचं मनगट. त्यावर भाजल्याचा डाग आहे, तांदळाएवढा. मला तो आज दिसला.'